विचारा, सांगते : जेफरसनचा देव आणि जेफरसनची हाडं

प्रश्न : आदरणीय बाई, सकाळी कृष्णाकाठी फिरायला येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींमध्ये एका फॉरवर्डवरून चांगलीच जुंपली आहे. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना सृष्टीच्या कणाकणात ईश्वरी योजना दिसत होती, म्हणून शाळेत उत्क्रांती शिकवणं बंद करा, असा त्याचा मथितार्थ. आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. जेफरसन पक्का नास्तिक होता, त्याने बायबल कापलं होतं. तुम्ही आयुष्यभर जीवाश्म शिकवलेत. खरं कोणाचं धरायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर : वाक्य जेफरसनचंच आहे. बायबल कापल्याचंही खरं आहे. मॅनेजरसाहेबांचं एवढंच चुकतं की कापणारा नास्तिक नव्हता. आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं चुकतं ते त्या ‘म्हणून’पाशी. देवाचा विचार करताना समोर हाडं मांडून बसणारा दुसरा राज्यकर्ता माझ्या वाचनात नाही, त्यामुळे या माणसाबद्दल मला जिव्हाळा आहे आणि त्याच्या नावावर कोणी काही खपवलं की राहवत नाही. जरा सविस्तर लिहिते.

ते वाक्य ११ एप्रिल १८२३च्या पत्रातलं. दोन दिवसांनी जेफरसनला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. मुक्काम व्हर्जिनियातल्या माँटिसेलोला, टेकडीवरच्या आपल्या घरी. उजवं मनगट १७८६मध्ये पॅरिसला मोडलेलं, ते कधी नीट जुळलंच नाही; लिहिताना हात दुखायचा. तरी पत्र लांबलचक आहे. ते लिहिलंय जॉन ॲडम्सला. ॲडम्स त्याच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष. एके काळचा मित्र, मग राजकारणातला कडवा प्रतिस्पर्धी आणि म्हातारपणी पुन्हा मित्र. विषय निघाला कॅल्व्हिनवरून. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून टाकलंय, असं शिकवणारा हा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक. जेफरसनला त्याचा मनस्वी तिटकारा. देवाला असले क्रूर गुण चिकटवून त्याची विटंबना करण्यापेक्षा देव नाहीच असं मानणं जास्त क्षम्य, असं तो तिथे लिहितो. आणि मग स्वतःचा देव कोणता ते सांगायला घेतो.

कुठल्याही ग्रंथाचा, साक्षात्काराचा आधार न घेता नुसतं विश्वाकडे पाहा, असं त्याचं म्हणणं. ग्रह दोन विरुद्ध ओढींच्या तोलावर आपापल्या कक्षेत धरलेले. पृथ्वीवर जमीन, पाणी, हवा यांची केलेली वाटणी. झाडं, प्राणी, खनिजं. जिवाचा निव्वळ कण म्हणावेत असे किडे, पण त्यांचीही घडण माणसाइतकी किंवा मॅमथइतकी पूर्ण. हे सगळं पाहिल्यावर यात योजना आहे, कार्यकारण आहे आणि सगळ्याच्या मुळाशी एक कर्ता आहे, असं न वाटणं मनुष्यबुद्धीला अशक्य आहे.

आता त्या मॅमथकडे लक्ष द्या. तो तिथे सहज आलेला नाही. जेफरसनचा देव समजून घ्यायचा तर वाट या हाडांवरूनच जाते.

केंटकीत ओहायो नदीजवळ खाऱ्या पाण्याचे झरे आहेत. तिथल्या चिखलातून प्रचंड हाडं निघायची. जागेचं नावच पडलं ‘बिग बोन लिक’. हाडं हत्तीसारखी, सुळे हत्तीसारखे, पण दात वेगळे. हा फरक हातात घेऊन पाहावा असा आहे. आमच्या प्रयोगशाळेत गोदावरीच्या गाळातल्या हत्तीच्या दाढेचा तुकडा होता (नाशिककडे नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात अशा हत्तींचे अवशेष सापडले आहेत). तिचा माथा टाकी लावलेल्या जात्यासारखा : सपाट, आडव्या धारांचा, गवत रगडायला. शेजारी मॅस्टोडॉनच्या, म्हणजे बिग बोन लिकच्या त्या प्राण्याच्या, दाढेची प्लास्टरची प्रतिकृती असे. तिच्यावर जोडीजोडीने ठसठशीत उंचवटे, बोट फिरवलं की टोचणारे. मुलं पहिल्यांदा हमखास म्हणायची, ‘बाई, हा मांसाहारी असणार.’ अठराव्या शतकातल्या नामांकित शरीरशास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात तो झाडाझुडपांच्या डहाळ्या चावणारा प्राणी. त्या काळी लोक त्यालाही सरसकट मॅमथच म्हणत.

जेफरसनने १७८०च्या दशकात व्हर्जिनियाविषयी पुस्तक लिहिलं. त्यात अमेरिकेतल्या प्राण्यांच्या यादीत हा मॅमथ आहे, आणि तो जिवंत प्राणी म्हणून आहे. कारण? कारण निसर्गाचा कारभारच असा, की त्याने एकही प्राणिजात नामशेष होऊ दिल्याचं उदाहरण सापडणार नाही. आपल्या थोर रचनेतली एकही कडी त्याने तुटेल इतकी कच्ची ठेवलेली नाही. हे जेफरसनचं लिखित मत. योजनेवर विश्वास, म्हणून प्राणी जिवंत असलाच पाहिजे. दिसत नसला तर पश्चिमेकडे, जिथे गोरा माणूस पोचला नाही तिथे असेल.

१७९७मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला तो फिलाडेल्फियाला गेला, तेव्हा सामानात हाडं होती. पश्चिम व्हर्जिनियातल्या एका गुहेत सापडलेली, मोठाल्या नख्यांची. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्याने त्यावर निबंध सादर केला. सिंहाच्या कितीतरी पट मोठं हे मांजरकुळातलं जनावर असावं असा त्याचा अंदाज. त्याने नाव दिलं मेगॅलॉनिक्स, म्हणजे महानखी. ऐन वेळी एका मासिकात दक्षिण अमेरिकेतल्या एका सांगाड्याचं वर्णन त्याच्या पाहण्यात आलं. तरुण फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने तो प्राणी स्लॉथच्या, म्हणजे झाडाला उलट्या लटकणाऱ्या त्या संथ प्राण्याच्या, कुळात घातला होता. नख्या तशाच. जेफरसनने निबंधाला ताजा कलम जोडला आणि तशी शक्यता मोकळेपणाने नोंदवली. निबंध १७९९मध्ये छापून आला. त्यात एक वाक्य आहे : निसर्गाच्या साखळीतली एक कडी नष्ट होऊ शकत असेल तर दुसरीही होईल, तिसरीही होईल, आणि असं करत सगळा पसारा तुकड्यातुकड्याने नाहीसा होईल. हे होणं त्याला अशक्य वाटत होतं, म्हणून महानखी कुठेतरी जिवंत आहे अशी त्याला आशा होती.

पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला. १८०३मध्ये लुईस आणि क्लार्क यांच्या पश्चिमेच्या मोहिमेसाठी त्याने लेखी सूचना काढल्या. त्यात दुर्मीळ किंवा नामशेष वाटणाऱ्या प्राण्यांचे अवशेष आणि हकिगती नोंदवायला सांगितलं. ‘नामशेष’ हा शब्द आता त्याच्या कागदावर आलेला आहे. मोहिमेला मॅमथ भेटला नाही. १८०७मध्ये त्याने क्लार्कला खास बिग बोन लिकला खोदायला पाठवलं. हाडांच्या पेट्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी आल्या, तिथल्या खोलीत हाडं मांडली गेली, ती लावून द्यायला शरीरशास्त्रज्ञ कॅस्पर विस्टार आला. काही हाडं पॅरिसला भेट गेली. देश युद्धाच्या उंबरठ्यावर, व्यापारबंदीवरून रान उठलेलं, आणि हा माणूस दाढा तपासतो आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

आता १८२३च्या पत्राकडे या. तिथे तो सरळ लिहितो की काही प्राणिजाती नामशेष झाल्या आहेत, ओळखीचे तारे नाहीसे झाले आहेत, नवे दिसू लागले आहेत. आणि लगेच पुढे : हे सगळं पूर्ववत करणारी शक्ती नसती तर एकेक करून सगळंच लयाला गेलं असतं. म्हणजे भीती तीच, १७९९चीच. फक्त निष्कर्ष बदलला. आधी म्हणत होता, योजना आहे म्हणून कोणी नामशेष होणार नाही. आता म्हणतो, नामशेष होतात, तरी विश्व टिकून आहे, म्हणजे सांभाळणारा आहे.

हाडांपुढे त्याने हट्ट सोडला, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. पण भूशास्त्राची शिक्षिका म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. प्राणी टिकले तरी योजना सिद्ध आणि संपले तरी योजना सिद्ध, असं असेल तर ते विधान हाडांनी तपासता येत नाही. ते शास्त्र नाही, ती श्रद्धा आहे. गंमत अशी की जेफरसनही तिला याहून मोठी पदवी देत नाही. निर्मात्याचं अनादित्व आणि विश्वाचं स्वयंभूपण, दोन्हींना तो ‘तर्क’ म्हणतो, आणि पहिला अधिक संभवनीय, एवढाच दावा करतो. त्यासाठी दहा लाखांत एक सोडून सगळी माणसं तसं मानत आली, हा दाखला देतो. मला हा दाखला लंगडा वाटतो. डोकी मोजून असले प्रश्न सुटत नाहीत.

राहता राहिली उत्क्रांती. जेफरसन ४ जुलै १८२६ला वारला. त्या दिवशी डार्विन सतरा वर्षांचा होता, आणि त्याचा ग्रंथ निघायला अजून तेहतीस वर्षं होती. किड्याची घडण इतकी नेमकी कशी होते, याचं नैसर्गिक निवडीचं उत्तर जेफरसनसमोर आलंच नाही. जे त्याने ऐकलंच नाही ते त्याने नाकारलं, असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि शिक्षणाचंच म्हणाल तर त्याने करून दाखवलेलं आपल्यासमोर आहे : त्याने उभारलेलं व्हर्जिनिया विद्यापीठ १८२५मध्ये सुरू झालं, त्यात धर्मशास्त्राचा प्राध्यापक नेमला नाही, आणि आवाराच्या शिरोभागी, जिथे इतरत्र प्रार्थनामंदिर असे, तिथे ग्रंथालय बांधलं.

मॅनेजरसाहेबांच्या कापलेल्या बायबलविषयी. ते काम त्याने दोनदा केलं : राष्ट्राध्यक्ष असताना १८०४मध्ये, आणि मग १८२०च्या सुमाराला अधिक निगुतीने. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा चार भाषांतली शुभवर्तमानं घेऊन त्यातली येशूची शिकवण आणि चरित्र धारदार पात्याने कापून काढलं, आणि कोऱ्या पानांवर चार रकान्यांत शेजारी शेजारी चिकटवलं. चमत्कार गाळले. शेवटचं वाक्य येशूला कबरीत ठेवून, दाराशी मोठा धोंडा लोटून लोक निघून गेले, हे आहे. त्यापुढचं पुनरुत्थान नाही. ही वही त्याने स्वतःपुरती ठेवली. आपण येशूच्या शिकवणुकीचे खरे अनुयायी आहोत असं तो मोजक्या मित्रांना कळवायचा. दुसऱ्या एका पत्रात म्हणतो, माझ्या पंथाचा मी एकटाच. तेव्हा कृष्णाकाठी दोघांनाही सांगा, जेफरसन दोघांच्याही बाजूने साक्ष द्यायला येणार नाही.

प्रश्न : बाई, पुस्तकात वाचलं की जेफरसनसारखे लोक ‘घड्याळजी देव’ मानत : देवाने जग घडवलं, किल्ली दिली आणि बाजूला झाला. मग अशा देवाची प्रार्थना कशाला?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : ते वर्णन काहींना लागू आहे, जेफरसनला नाही. वर सांगितलेल्या पत्रात तो देवाला घडवणारा, राखणारा, नियमन करणारा आणि नव्या रूपांत पुन्हा घडवणारा म्हणतो. राष्ट्राध्यक्ष असताना तो संसदेच्या सभागृहात होणाऱ्या रविवारच्या उपासनेला जाऊन बसे. आणि एक गोष्ट त्याच्या सगळ्या तर्कशास्त्रात बसत नाही. आत्मा, देव यांनाही जडच मानावं, अजड म्हणजे शून्य, असं त्याने १८२०मध्ये ॲडम्सला ठणकावून लिहिलं. पण दोन वर्षांपूर्वी ॲडम्सची पत्नी ॲबिगेल गेली तेव्हा त्यानेच लिहिलं होतं की आपलीही वेळ आता फार दूर नाही, आणि मग जी माणसं आपण गमावली ती पुन्हा भेटतील आणि कधीच दुरावणार नाहीत. त्याची बायको १७८२मध्ये गेली होती. सहा मुलांपैकी एकच मुलगी उरली होती. हे वाचताना मी त्याला तर्काची चूक दाखवणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी विधी शाखेत आहे. इतकी श्रद्धा असलेला नेता राज्य आणि धर्म यांच्यात भिंत हवी असं का म्हणेल? की ते फक्त राजकारण होतं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : राजकारण असतं तर उलट केलं असतं, कारण ते त्याच्या फायद्याचं होतं. १८००च्या निवडणुकीत विरोधी वृत्तपत्राने मतदारांना विचारलं होतं : देव आणि धर्मनिष्ठ राष्ट्राध्यक्ष हवा, की जेफरसन आणि देव नाही? चार सभांत आपली श्रद्धा बोलून दाखवली असती तर तोंडं बंद झाली असती. त्याने तोंड उघडलं नाही. ‘माझा धर्म मी कधी सांगितला नाही आणि दुसऱ्याचा कधी तपासला नाही,’ असं त्याने १८१६मध्ये एका स्नेही बाईंना लिहिलं. पुढे म्हणतो की माणसाचा धर्म त्याच्या वागण्यावरून वाचावा, बोलण्यावरून नव्हे.

भिंत त्याच्या श्रद्धेच्या विरुद्ध नव्हती, ती श्रद्धेतूनच आली. व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा मसुदा त्याने १७७७मध्ये केला. त्याची सुरुवातच अशी की सर्वशक्तिमान देवाने मन स्वतंत्र निर्माण केलं आहे. देवाला सक्ती करायची असती तर त्याला ती करता आली असती. त्याने केली नाही, मग तुम्ही कोण, हा त्याचा युक्तिवाद. त्या व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकत, हे लक्षात घ्या. म्हणून त्याचे पाठीराखे कोण होते पाहिलंत तर नवल वाटेल : अतिशय भाविक बाप्टिस्ट. ‘भिंत’ हा शब्दही १ जानेवारी १८०२ला कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रातला आहे.

कायदा जानेवारी १७८६मध्ये त्याचा सहकारी जेम्स मॅडिसन याने मंजूर करून घेतला. जेफरसन तेव्हा पॅरिसला होता. चर्चेत कोणीतरी उपसूचना आणली की प्रास्ताविकात येशू ख्रिस्ताचं नाव घाला. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. हे आठवून १८२१मध्ये आत्मचरित्रात जेफरसन लिहितो की यावरून सिद्ध होतं, या कायद्याच्या छत्राखाली ज्यू आणि ज्यूएतर, ख्रिस्ती आणि मुसलमान, हिंदू आणि हरतऱ्हेचे अश्रद्ध, सगळे यावेत असाच सभासदांचा हेतू होता. होय, हिंदू. ज्या मुलखात त्याने कधी हिंदू माणूस पाहिला असण्याची शक्यता जवळजवळ नाही, तिथे बसून त्याने हा शब्द आवर्जून लिहिला. आज व्हर्जिनियात देवळं आहेत, गणपती बसतात, तेव्हा हे वाक्य आपल्या लोकांना माहीत असायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

नास्तिकांविषयीही तो असाच नीट होता. १८१४मध्ये त्याने टॉमस लॉ या गृहस्थाला पत्र लिहिलं (हा लॉ पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बिहारमध्ये होता). त्यात विचारतो : चांगुलपणा जर देवाच्या प्रेमातूनच येत असेल तर सज्जन नास्तिकांचा चांगुलपणा कुठून आला? दिदरो, कोंदोर्से या फ्रेंच विचारवंतांची नावं घेऊन तो म्हणतो की हे तर अतिशय सद्गुणी लोक होते. तुमच्या अभ्यासासाठी हे पत्र भिंतीच्या पत्राइतकंच महत्त्वाचं आहे.

प्रश्न : बाई, आम्ही व्हर्जिनियात राहतो. मुलीच्या शाळेची सहल माँटिसेलोला गेली होती. परत आल्यावर ती गप्प गप्प होती. मग म्हणाली, ‘आई, सगळ्यांना देवाने समान निर्माण केलं असं लिहिणाऱ्या माणसाने गुलाम कसे ठेवले?’ मला उत्तर देता आलं नाही.
— एक आई

उत्तर : ताई, तिचा प्रश्न चुकवू नका. गुळमुळीत उत्तरही देऊ नका. त्या काळी सगळेच ठेवायचे, हे तर अजिबात सांगू नका, कारण त्याला कळत होतं.

त्याने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. आणि व्हर्जिनियावरच्या त्याच पुस्तकात, ज्यात मॅमथ आहे, त्याने गुलामगिरीबद्दल लिहिलं : देव न्यायी आहे आणि त्याचा न्याय कायमचा झोपून राहणार नाही, हे आठवलं की माझ्या देशासाठी मला थरकाप सुटतो. पुढे म्हणतो की उद्या पारडं फिरलं, गुलाम वर आणि आपण खाली अशी वेळ आली, तर आपली बाजू घेईल असा एकही गुण परमेश्वरापाशी नाही. श्रद्धेनेच त्याला सांगितलं होतं की तू चुकतो आहेस. त्याने ऐकलं नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक प्रकरण आहे, ते वाचताना मला दर वेळी संताप येतो. काळ्या माणसांची बुद्धी गोऱ्यांहून कमी असावी असा संशय तो मांडतो, आणि हे भेद निसर्गानेच केलेत म्हणतो. निसर्गात योजना पाहणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ज्याच्या शेतावर दुसऱ्याच्या घामाने तंबाखू आणि गहू पिकतो, त्याला निसर्गाच्या योजनेत आपल्याच सोयीची उतरंड दिसली.

तुमच्या लेकीला बेंजामिन बॅनेकरची गोष्ट सांगा. मेरीलँडचा हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी स्वतः गणित शिकला, ग्रहणं आणि ग्रहांची स्थानं काढू लागला, आणि त्याने पंचांग तयार केलं. १९ ऑगस्ट १७९१ला त्याने पंचांगाची हस्तलिखित प्रत जेफरसनला पाठवली. तो तेव्हा परराष्ट्रमंत्री होता. सोबतच्या पत्रात बॅनेकर लिहितो की आपल्या सगळ्यांचा पिता एकच आहे, त्याने कोणताही पक्षपात न करता सगळ्यांना सारख्याच संवेदना आणि सारख्याच शक्ती दिल्या. आणि मग जेफरसननेच लिहिलेल्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं समानतेचं वाक्य त्याच्यापुढे ठेवून विचारतो की हे लिहिणारे तुम्ही माझ्या इतक्या बांधवांना कैदेत कसे ठेवता? ज्या ग्रहगतीत जेफरसनला देव दिसत होता, त्याच ग्रहगतीचं गणित मांडून हा माणूस दाराशी उभा राहिला होता. जेफरसनने सभ्य उत्तर दिलं, पंचांग पॅरिसला कोंदोर्सेकडे पाठवलं. पण अठरा वर्षांनी एका खासगी पत्रात त्याने बॅनेकरच्या बुद्धीबद्दल शंका घेतली.

मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्त केलं. तो कर्जात बुडालेला होता. जानेवारी १८२७मध्ये माँटिसेलोवर माणसांचा लिलाव पुकारला गेला, सुमारे १३० जणांचा. घरंच्या घरं फुटली. सॅली हेमिंग्जच्या खोलीविषयी लेकीने सहलीत ऐकलंच असेल. ती त्याची गुलाम होती आणि तिच्या मुलांचा बाप तोच, हे आता माँटिसेलोची संस्थाही स्वच्छ सांगते. बॅनेकरचं पत्र सहज मिळतं, फार मोठंही नाही. मायलेकी दोघी मिळून वाचा.

प्रश्न : महात्मा फुल्यांचा निर्मिक आणि जेफरसनचा निर्माता यांचा काही संबंध आहे का? मला प्रबंधात हे घेता येईल का?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : घेता येईल, पण मधला दुवा घेऊन. तो दुवा म्हणजे अठराव्या शतकातला क्रांतिकारी लेखक टॉमस पेन. जोतीरावांनी तरुणपणी पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं, हे प्रसिद्ध आहे. पेन स्वतः सृष्टी हाच देवाचा खरा ग्रंथ मानणारा. त्याने बायबलवर टीका केली म्हणून अमेरिकेत त्याला शिव्याशाप मिळाले. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने त्याला सरकारी जहाजातून परत या म्हणून बोलावलं, आणि १८०२मध्ये पेन परतल्यावर टीका झाली तरी घरी जेवायला बोलवत राहिला.

साम्य मुळाशी आहे : ग्रंथावर नव्हे, तर सृष्टीवर आणि बुद्धीवर टेकलेला निर्माता. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ जोतीरावांच्या पश्चात १८९१मध्ये निघालं. त्यात सूर्यमंडळांपासून प्राणिमात्रांपर्यंत सगळं एका निर्मिकाचं, आणि स्त्री-पुरुष सगळे त्याने स्वतंत्र निर्माण केलेले. फरक मात्र तुमच्या प्रबंधात ठळक यायला हवा. जेफरसनने देव वहीत आणि पत्रांत ठेवला. जोतीरावांनी १८६८मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला, आणि निर्मिक भटजीविना लागणाऱ्या लग्नाच्या मांडवात नेला. त्याच वर्षीची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तिथे जेफरसनला जागा नाही, आणि ते योग्यच आहे.

दोन उतारे शेजारी ठेवून पाहा. जेफरसन म्हणतो, शेजाऱ्याने वीस देव मानले काय किंवा एकही नाही मानला काय, त्याने माझा खिसा कापला जात नाही की पाय मोडत नाही. जोतीराव एक कुटुंब रंगवतात : बायकोने वाचून बौद्ध धर्म घेतला, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमानी आणि मुलाने सत्यधर्म, आणि सगळे एकाच घरात प्रेमाने राहतात, कोणी कोणाचा द्वेष करत नाही. जेफरसनच्या उताऱ्यात दोन घरं आहेत आणि मध्ये कुंपण. जोतीरावांच्या उताऱ्यात घर एकच आहे, आणि धर्म निवडणाऱ्यांत बायको आणि मुलगीही आहेत. प्रबंधाचं प्रकरण इथून सुरू करा.